चार भांडी बडोद्याला, एक डभोईला

बडोद्याला जाऊन आले म्हटलं की पुण्यातले लोक आधी राजवाड्याबद्दल विचारतात आणि मग लीलो चेवडो आणलास का, म्हणून. चेवडा आणला होता, संपला. राजवाडा रिक्षातून जाताना दिसला. मी गेले होते पाच भांडी बघायला. पाच दिवस राहिले. त्या भांड्यांच्या नोंदीसाठी मी वहीत चार पानं मोकळी सोडून गेले होते, त्यातली जेमतेम अर्धी भरली. बाकीची कोरी का राहिली, ते इथे लिहिते.

आधी माझं सांगते. माझे वडील अमळनेरला भांड्यांना कल्हई करायचे. सायकलला भाता बांधून गल्लोगल्ली फिरायचे. आमच्या घरात कॉलेजात गेलेली पहिली मी. इतिहासात एमए केलं, मग वस्तुसंग्रहालयाच्या कामाचा डिप्लोमा. हे मी कुणी न विचारताही सांगते, कारण मला ते आयतं मिळालेलं नाही. सध्या पुण्यात एका संग्राहकाकडे त्यांच्या जुन्या चांदीची सूची करायचं काम करते. त्यांना आम्ही साहेबच म्हणतो.

साहेबांचा जीव चिनी चांदीत अडकलेला आहे. शे-दीडशे वर्षांपूर्वी चीनच्या बंदरांतले कारागीर परदेशी गिऱ्हाइकांसाठी चांदीची भांडी घडवून बोटीने पाठवायचे. आकार सगळे विलायती: चहाची किटली, दुधाचं भांडं, साखरेचं भांडं. पण किटलीचा कान म्हणजे अंग वळवलेला ड्रॅगन, नळी बांबूच्या पेरांची, पोटावर शेवंतीची फुलं. ज्या टेबलावर ते भांडं जाणार ते कारागिराने जन्मात पाहिलेलं नसायचं, आणि ज्याने ते घडवलं त्याची चौकशी त्या टेबलावरचं कुणी करायचं नाही. कितीतरी वर्षं लोक ही चांदी इंग्लंडचीच समजत राहिले. आता मात्र तिच्यासाठी माणसं देशोदेशी फिरतात. भांडं हातात आलं की पहिलं उलटं करतात. तळाला दोन शिक्के असतात. एक विकणाऱ्या दुकानाच्या इंग्रजी अक्षरांचा, आणि शेजारी, तांदळाच्या दाण्याएवढा, प्रत्यक्ष घडवणाऱ्याचा चिनी शिक्का. साहेबांना त्या दाण्याचं वेड आहे. मलाही लागलं. माझ्या वडिलांनी हजारो भांडी चमकवली, एकावरही त्यांचं नाव नाही. म्हणून असेल.

साहेबांची एक मुलाखत मराठी वर्तमानपत्रात आली होती; त्यात नुसतं 'जुनी चांदी' एवढंच छापलं होतं. ती वाचून बडोद्याहून सुलभाताईंनी फोन केला. दांडिया बाजारात राहणाऱ्या, गणिताच्या निवृत्त शिक्षिका. त्यांचे पणजोबा संस्थानात महसूल खात्यात मोठ्या हुद्द्यावर होते. मुंबईच्या कुणा जहाजवाल्या शेटजींनी त्यांना हा चहाचा संच भेट दिला होता. किटली, गरम पाण्याचं भांडं, साखरेचं, दुधाचं आणि तबक. सुलभाताईंची आई गेल्या वर्षी गेली. जाताना म्हणाली होती, तिघींना सारखं. बहिणी तीन, भांडी पाच, एकाचं वजन दुसऱ्यासारखं नाही. धाकटी शैला म्हणाली, गाळून तीन तुकडे करू. सुलभाताईंना ते सोसेना. शेवटी तिघींचं ठरलं: जाणकाराला दाखवायचं. संच आख्खा कुणी संग्राहक ठेवून घेणार असेल तर त्याला द्यायचा. नाहीतर सोमवारी गाळायचा.

"माझ्याकडे राहिली नाहीत तरी चालेल," सुलभाताई फोनवर म्हणाल्या होत्या, "पण एका जागी राहू देत."

त्यांनी पाठवलेला फोटो हललेला होता. तरी किटलीच्या कानावरचा ड्रॅगन मी ओळखला. मी विचारलं, "तळाला काही उमटवलेलं आहे का?" त्या म्हणाल्या, "आहे काहीतरी बारीक बारीक. फोटो काढून पाठवू?"

मी म्हटलं, "नको. मी येतेच आहे, प्रत्यक्षच बघेन."

चीन हा शब्द मी उच्चारला नाही. खात्री झाल्याशिवाय बोलायचं नाही, असं मी साहेबांना सांगितलं आणि स्वतःलाही. खरं कारण असं, की तो शिक्का पहिल्यांदा मला बघायचा होता. सूचीत माझ्या नावाने जाणारी ती पहिली नोंद ठरली असती.

गुरुवार, दांडिया बाजार

सुलभाताईंचं घर दुसऱ्या मजल्यावर, एका साध्या अपार्टमेंटमध्ये. दार उघडताच म्हणाल्या, "या, या, बेसा. उन्हाच्या आलात. पंखा मोठा करू?" बडोद्याची मराठी माणसं मराठी बोलता बोलता सहज गुजरातीत पाय ठेवतात आणि परत येतात, त्यांना उंबरा लागत नाही. धाकट्या बहीण शैलाताई मांजलपूरहून मुद्दाम आलेल्या होत्या. चहाबरोबर भाकरवडी आली. ती आमच्या पुण्यातल्यापेक्षा गोड. जेवणातली आमटीही गोड, भाजीही गोड. शैलाताई म्हणाल्या, "घाबरू नका, आमच्याकडे फक्त पाणी बिनसाखरेचं." मी हसले. तोपर्यंत माझं बरं चाललं होतं.

टेबलावर भरतकामाच्या रुमालाखाली भांडी मांडून ठेवली होती. सुलभाताईंनी रुमाल दोन्ही हातांनी उचलला.

खिडकीतून ऊन आलेलं होतं. भांडी इतकी चमकली की मी क्षणभर डोळे मिटले. उघडले तेव्हा कळलं. शंभर वर्षांची चांदी अशी चमकत नाही. खाचांमध्ये काळोखी असते, ती तिथेच असावी लागते, तिच्यामुळे नक्षी वर येते. इथे सगळं गुळगुळीत. ड्रॅगनच्या अंगावर एक खवला उरला नव्हता, तो पालीसारखा दिसत होता. शेवंतीच्या पाकळ्या मिटून नुसते उंचवटे राहिले होते. मी किटली उलटी केली. तळ आरशासारखा सपाट. त्यात माझंच तोंड दिसलं. मग पाण्याचं भांडं, साखरेचं भांडं, तबक. चारीही तळ कोरे.

"सरस झालीत ना?" सुलभाताई म्हणाल्या.

माझ्या तोंडून निघालं, "हे कुणी केलं?"

"मीच दिली होती लहरीपुऱ्यात, पॉलिशला. पाहुण्या पुण्याहून येणार, काळी भांडी कशी पुढे ठेवायची?"

"आणि खालचे शिक्के?"

दोघी बहिणींनी एकमेकींकडे पाहिलं. शैलाताई म्हणाल्या, "अहो, ते चिनी अक्षरांसारखं होतं काहीतरी. मी ताईला चिडवलं, घ्या, आईची चांदी चायनाचा माल निघाली. महिनाभर टिकली तर देवाची कृपा."

"म्हणून मी त्यांना सांगितलं, तेवढं काढून टाका," सुलभाताई म्हणाल्या. "तुम्ही बघायच्या आधीच तुमच्या मनात खोट नको यायला. चांदी चोख आहे हो. त्यांनी कस लावून सांगितलंय."

मी तबक खाली ठेवलं.  आमच्या घरी बोलतात तसं सरळ सांगितलं: ती अक्षरं चिनीच होती, आणि ती होती म्हणूनच मी आले होते. त्यांच्याशिवाय आणि खवल्यांशिवाय यातलं एकही भांडं साहेब घेणार नाहीत. दुसराही कुणी घेणार नाही.

सुलभाताई बराच वेळ रुमालाची घडी घालत होत्या. चौकोनी घातली, उलगडली, परत घातली. शैलाताई हळूच म्हणाल्या, "ताई, पण तुला कुठे माहीत होतं?"

"एक आहे अजून," सुलभाताई म्हणाल्या. "दुधाचं. ते कुंदाकडे आहे, डभोईला. ते मी पॉलिशला दिलेलं नाही."

शुक्रवार, लहरीपुरा

डभोईला शनिवारी जायचं ठरलं. शुक्रवारी मीच म्हटलं, त्या पॉलिशवाल्यांना भेटू. वाटलं, तळाला अजून काही पुसट उरलं असेल, नाहीतर त्यांनी कुठे ठसा घेऊन ठेवला असेल. असल्या आशेला अर्थ नसतो हे मला शिकवलेलं आहे. तरी गेले.

लहरीपुऱ्याच्या दरवाज्यातून आत शिरलं की ओढण्या, बांगड्या, टोप्या आणि माणसं एकमेकांत मिसळलेली. सुलभाताई वर्गातून चालल्यासारख्या पुढे, लोक आपोआप बाजूला होत होते. दोघांनी वाकून नमस्कार केला, "टीचर, केम छो?" एकाला त्यांनी नाव घेऊन विचारलं, भूमिती अजून येते का. तो म्हणाला, "ना टीचर, पण तमारी छडी याद छे."

जयंतीकाकांचं दुकान एका जिन्याच्या खाली. मोटारीवर फिरणारं कापडी चाक, लाल मसाल्याच्या वड्या, भिंतीवर अंबामातेचं कॅलेंडर. काका सत्तरीचे, दोन्ही हात कोपरापर्यंत लाल. आम्हाला बघून उठलेच.

"बेन, अरीसा जेवुं करी आप्युं ने?" आरशासारखं करून दिलं ना?

सुलभाताईंनी मान हलवली. शिक्क्याचं विचारलं. काका म्हणाले, "छाप तो गई, बेन. पहेला कानस मारी, पछी चाक." आधी कानस घासली, मग चाकावर धरलं. आणि मग कौतुकाने पुढे म्हणाले की शिक्का खोल होता, मारणाऱ्याने जोर लावून मारला होता, काढायला अर्धा दिवस गेला, दुसऱ्या कुणाला हे जमलं नसतं.

"कसा होता?" मी विचारलं. "आठवतो?"

त्यांनी डोळे मिटले. "बे अंग्रेजी अक्षर. ने बाजुमां नानुं घर जेवुं." शेजारी लहानसं घरासारखं काहीतरी. त्यांनी लाल बोटाने फरशीवर काढून दाखवलं: वर छप्पर, खाली दोन खांब, मधे एक आडवी रेघ. मी वहीत उतरवून घेतलं. ते अक्षर होतं की त्यांच्या मनातलं घर, कोण सांगणार? असं चित्र सूचीत चालत नाही.

मला त्यांच्यावर चिडायचं होतं. पण त्यांनी काम मागितल्याप्रमाणेच केलं होतं आणि मन लावून केलं होतं. माझे वडीलही कल्हई करण्याआधी भांडं असंच घासून काढायचे. खाली कुणाचं काय आहे ते बघत बसले असते तर दिवसाची चार घरं झाली नसती. काकांनी चहा मागवला. बशीतला चहा पिताना ते म्हणाले, "कोई दिवस फरियाद नथी आवी." कधीही तक्रार आलेली नाही. सुलभाताई म्हणाल्या, "आजही नाही, काका. आवजो."

बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, "सेवउसळ खाल्ल्याशिवाय बडोदं झालं असं नाही." खाल्ली. वर हिरव्या लसणाची चटणी, तिखटाने कानातून वाफ येते. डोळ्यांतून पाणी आलं ते पुसायची दोघींनाही सोय झाली.

शनिवार, डभोई

डभोईची बस तासाभराची. दोन्ही बाजूंना कपाशी आणि मधूनच तुरीची शेतं. सगळं सपाट. आमच्या खानदेशासारखंच, फक्त उतरणाऱ्याला कंडक्टर "संभाळजो" म्हणतो. आमच्याकडे "आटपा" म्हणतात. डभोईच्या वेशीच्या कोरीव दगडांपुढे लोक फोटो काढतात. आम्ही ती वेस रिक्षातूनच पाहिली.

मधली बहीण कुंदाताई. त्यांचे मिस्टर गुजराती, बियाण्यांचं छोटं दुकान. चाळीस वर्षांत कुंदाताईंचं मराठी पार बदललंय. "आवी गई ताई! केटली पातळ झालीस गं!" एका वाक्यात दोन घरं.

दुधाचं भांडं आईने लग्नातच त्यांच्याबरोबर दिलेलं, ते देवघरात होतं. कुंदाताईंकडे ठाकोरजींची, म्हणजे बाळकृष्णाची, सेवा असते. रोज सकाळी देवाला दूध त्याच भांड्यातून जातं. मी पुढे झाले तर त्यांनी आडवा हात धरला.

"नाहून यावं लागेल हं. बसमधून आलात ना. मी स्वतः बाजारातून आले तरी शिवत नाही."

आमच्याकडे सोवळं म्हटलं की माझ्या मनात पहिल्यांदा वेगळंच येतं. लहानपणी काही घरांत वडिलांच्या हातची चमकलेली भांडी पाणी शिंपडून आत घेतली जात. मी थांबले. कुंदाताईंना ते कळलं असावं. त्या म्हणाल्या, "अहो, माझ्या सख्ख्या ताईलासुद्धा हेच सांगणार. विचारा तिला, तीसुद्धा ओट्यावर बसलीये बघा." आणि खरंच, सुलभाताई बाहेर ओट्यावर पाय सोडून बसल्या होत्या. मग मी नाहले. कुंदाताईंनी त्यांची बाजूला ठेवलेली कोरडी साडी दिली, ती मला घोट्याच्या वरच राहिली. केस ओले, पाय उघडे, अशी मी देवघरात गेले. इतक्या वर्षांत कुठल्याही कपाटापुढे मी एवढी तयारी करून उभी राहिलेली नाही.

भांडं वितीपेक्षा लहान. कानाचा ड्रॅगन अंगाचं वेटोळं करून ओठाकडे बघतोय, आणि त्याचा प्रत्येक खवला सुटा. कडेने कोरलेल्या बांबूची पेरं मोजता येत होती. चाळीस वर्षं चिंचेचं पाणी आणि मऊ फडकं, एवढ्यावर ते टिकलं होतं. मी ते उलटं केलं.

दोन इंग्रजी अक्षरं. शेजारी तांदळाचा दाणा. त्यात चिनी अक्षर, वर छप्पर आणि खाली दोन खांब. मधली रेघसुद्धा होती. जयंतीकाकांना बरोबर आठवत होतं.

मी मोठ्याने काहीतरी ओरडले. सुलभाताई ओट्यावरून उठून दाराशी आल्या. "आहे?" "आहे!" "बघू दे. नको, मी नाहले नाहीये. तुम्हीच बघा, नीट बघा."

फोटो हवा होता, पण मोबाईल देवघरात चालेना. शेवटी मी उंबऱ्याच्या आत भांडं उलटं धरून उभी आणि कुंदाताईंचे मिस्टर उंबऱ्याबाहेरून माझ्या मोबाईलने फोटो काढतायत. पहिल्या तीन फोटोंत त्यांचा अंगठा, चौथ्यात माझी साडी, पाचव्यात शिक्का. कुंदाताई त्यांना म्हणाल्या, "बियाणांच्या पिशवीवरचं बारीक वाचता, एवढं दिसत नाही?" तो एक तास मी आनंदात होते. प्रवासातला तेवढाच.

साहेबांना फोटो पाठवला. पाच मिनिटांत त्यांचा फोन.

"कुठे मिळालं? फार दिवस शोधतोय मी या कारागिराचं काम. बाकीची कशी आहेत?"

मी सांगितलं.

"चाकावर घातली? चारीही?"

"हो."

पलीकडे खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "मग ती मोडीतच जायची. दुधाचं तेवढं घेऊन ये. म्हणतील ती किंमत देऊ."

मी ते कुंदाताईंना सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. "चाळीस वर्षं माझ्या ठाकोरजींचं दूध याच्यातून जातंय. आता मी ते कुणाच्या काचेच्या कपाटात बसवू? नाही हो. ते नाही देता येणार."

सुलभाताई दारातूनच म्हणाल्या, "मग कुंदा, उरलेली चारही तूच ठेव. तुझ्याकडे पाच होतील. एकत्र राहतील."

"ठेवीन गं. पण तबकाचं ठीक आहे, किटलीतून ठाकोरजींना काय देऊ? चहा?"

सगळे हसलो. सुलभाताईही हसल्या. मग कुंदाताई हळू आवाजात म्हणाल्या, "आणि शैलाला काय सांगू? आईनं तिघींना सारखं म्हटलंय. सगळी माझ्याकडे राहिली तर आई खोटी पडते. ताई, तुझंच ठरलेलं होतं ना, सोमवारचं?"

सुलभाताई पाय धुवायला उठल्या. जेवायला कच्च्या पपईचा परतलेला संभारो होता, गरम फुलके होते. त्यांनी एक फुलका खाल्ला.

परतीच्या बसमध्ये त्या खिडकीशी बसल्या. निम्मा रस्ता गेल्यावर मी म्हटलं, "ताई, चूक तुमची नाही. मी तुम्हाला फोनवर सांगायला हवं होतं, भांडी घासू नका, पॉलिशला देऊ नका. ती पहिली गोष्ट असते आमच्या कामातली. आणि तुम्ही तळाचा फोटो पाठवते म्हणालात, मी नको म्हटलं."

"का नाही सांगितलंत मग?"

खोटं बोलता आलं असतं. मी म्हटलं, "आमच्या गल्लीतल्या कुणाचा फोन असता तर मी पहिलं तेच सांगितलं असतं, की हात लावू नका. तुमचं घर ऐकलं, पणजोबा संस्थानातले, तुम्ही शिक्षिका. मला वाटलं, अशा घरांत हे माहीत असतं."

"आमच्या घरात," त्या म्हणाल्या, आणि थांबल्या. बस एका फाट्यावर उभी राहिली, माणसं चढली. "आमच्या घरात पाहुणे यायचे म्हटलं की वडील, आमचे अण्णा, हीच किटली काढायला लावायचे, आणि आई रात्रीच चिंच भिजत घालायची. तेवढंच माहीत होतं."

"आणि फोटो नको का म्हणालात?" त्यांनी थोड्या वेळाने विचारलं. मी तेही सांगितलं, पहिल्यांदा मला बघायचं होतं म्हणून.

त्यांनी मान डोलावली. विद्यार्थ्याचं उत्तर चुकलंय पण पायऱ्या बरोबर लिहिल्यात, अशी. 

सोमवार

रविवारी मला लेखी मत द्यायचं होतं. तिघी बहिणींनी ते मान्य करायचं ठरवलेलं होतं. मी खंडेराव मार्केटपर्यंत चालत गेले, पपनस घेतलं, तिथल्याच पायरीवर बसून सोललं आणि खात खात विचार केला. 'संच दुर्मीळ आहे, अखंड ठेवावा,' एवढी एक ओळ लिहिली असती तर भांडी आणखी काही महिने वाचली असती. शैलाताईंनी मग गिऱ्हाईक विचारलं असतं. गिऱ्हाईक नाही. माझ्या सहीला जी काय किंमत आहे ती मी ज्या घरातून आले तिथून इथवर येण्याची आहे. मी खरं तेच लिहिलं. लिहून बरं वाटलं नाही.

शैलाताईंना वाईट म्हणायचं माझ्या मनात नाही. संध्याकाळी त्या कागद वाचून म्हणाल्या, "माझी मुलगी बेंगळुरूला, ताईचा मुलगा कॅनडात. आमच्या मागे ही कुणी उघडून बघणार आहे का सांगा? कपाटात पडून कुणीतरी मोडीतच देईल. त्यापेक्षा आम्ही तिघी जिवंत असताना, समोर." मी पेनाला टोपण लावलं. 

माझी गाडी सोमवारी दुपारची होती. सकाळी निरोप घ्यायला गेले तर सुलभाताई पिशवी घेऊन तयार. म्हणाल्या, "तुम्हीही या. बघायला आला होतात ना."

चांदी गाळणाऱ्याचं दुकान लहरीपुऱ्याच्या मागच्या गल्लीत. शैलाताई तिथे आधीच होत्या, कुंदाताईही पहिल्या बसने आलेल्या होत्या. त्यांचं दुधाचं भांडं त्यांच्या वाट्यात धरायचं ठरलं होतं, त्यामुळे उरलेला हिशेब सुलभाताईंनी कागदावर आधीच मांडून आणला होता. दुकानदार पन्नाशीचा, अबोल. त्याने किटलीच्या कानाच्या दोन्ही टोकांना बसवलेल्या हाडाच्या कड्या पक्कडीने फोडून काढल्या. कान तापू नये म्हणून त्या असतात. कड्यांचा पांढरा भुगा झाला. मग कातरीने तबक कापलं, पत्रा कापावा तसं. साखरेचं भांडं एका घावात बसलं. पाण्याच्या भांड्याला दोन लागले.

मला वाटलं होतं सुलभाताई मान फिरवतील. त्या पेपर सोडवणाऱ्या मुलांवर लक्ष ठेवावं तशा बघत होत्या.

शेवटी किटली. त्याने ती आडवी धरली आणि बांबूच्या पेरांच्या नळीवर हातोडा मारला. नळी चेपली आणि तिच्या तोंडातून काळे-तपकिरी पापुद्रे ऐरणीवर पडले. नळीत आतपर्यंत कुठलंही चाक पोचलं नव्हतं.

"हे काय गं, कीड?" शैलाताई म्हणाल्या.

"चहा," सुलभाताई म्हणाल्या.

कुंदाताई जवळ आल्या. "अण्णांचा?"

"अण्णांचा, आजोबांचा. सगळ्यांचाच असेल."

तिघी ऐरणीवर वाकल्या. मी मागे उभी होते. सुलभाताईंनी त्यातला एक पापुद्रा बोटावर उचलला, तो तिथेच चुरला. त्यांनी नाकाशी नेऊन वास घेतला आणि काही नाही, अशी मान हलवली.

"बेन, जरा हाथ," दुकानदार म्हणाला.

त्या तिघींनी हात मागे घेतले. त्याने ऐरण फुंकून साफ केली, किटली आणखी दोनदा ठोकली आणि मुशीत टाकली.